दुसऱ्या वर्षाला मोठं कॉलेज

पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय बारावीनंतर हुकलं, की बहुतेकांसाठी विषय तिथेच मिटतो. पॉलिटेक्निकच्या मुलांना मात्र आणखी एक संधी असते: इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश, पोरांच्या भाषेत ‘डीएसवाय’. ओढ अर्थातच प्लेसमेंटची. चांगल्या कंपन्या ठरावीक कॅम्पसवरच येतात, मग आपणच तिथे जावं.

प्रवेश कसा होतो

सीईटी नाही. डिप्लोमाच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागते, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. मंजूर जागांच्या १० टक्के जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा यांवर हे प्रवेश होतात. नावाजलेल्या कॉलेजात रिकाम्या जागा फारशा उरत नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटरची यादी नव्वदीच्या पुढेच बंद होते.

बारावीनंतर दुसरीकडे पहिलं वर्ष केलेल्यांना हा रस्ता नाही. त्यांना रिकामी जागा, ना हरकत, विषयांची जुळणी अशा कागदांमागे धावावं लागतं. आयआयटीत तर मधून शिरायची सोयच नाही.

नाव मिळतं, वेळ मिळत नाही

खरी अडचण पुढे आहे. फेऱ्या लांबतात, वर्ग आधीच सुरू झालेले असतात. पहिल्या वर्षाचं गणित न शिकता एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो. डिप्लोमाला ९५ टक्के मिळवलेला मुलगाही इथे गडबडतो आणि पहिल्याच सेमिस्टरला केटी लागते, म्हणजे विषय राहतो.

मोठ्या कंपन्या इंटर्नशिपची निवड अनेकदा तिसऱ्या वर्षातच उरकतात आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना नोकरीही तिथेच देतात. ग्रुपवर टीपीओचा, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याचा फॉर्म पडतो, मुदत रात्री अकराची. रकाने ठरलेले: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, सीजीपीए, लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेले विषय. डीएसवायच्या मुलाकडे तेव्हा जेमतेम दोन सेमिस्टरचे निकाल असतात. एक सेमिस्टर घसरलं, तर सरासरी सावरायला फारसं काही नसतं. म्हणून कोडिंगची तयारी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच सुरू केलेली बरी. प्रवेशानंतर सुरू करू म्हणणारे बहुधा मागे पडतात.

ब्रँड की ब्रँच

सीओईपीत मेटलर्जी आणि व्हीजेटीआयला टेक्स्टाइल आहे. दोन्ही चांगले विषय आहेत, आवड असेल तर जरूर घ्यावेत. पण सॉफ्टवेअरच्या पगाराकडे बघून कॉलेजच्या नावासाठी ते घेणं मला धोक्याचं वाटतं. कित्येक कंपन्या फॉर्ममध्येच ब्रँचची अट घालतात. मग तीच कंपनी शेजारच्या इमारतीत मुलाखती घेते आणि तुम्हाला बसताही येत नाही. अशा वेळी मधल्या दर्जाच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर अधिक कामाचं.

काय विचारायचं

जाहिरातीतलं ‘हायेस्ट पॅकेज’ एका मुलाचं असतं. ब्रँचनिहाय मीडियन मागा. एकाला तीन ऑफर असतील, तर त्याला तीनदा मोजलंय का, हेही विचारा. आणि त्याच कॉलेजातला डीएसवायचा सीनियर गाठा. आपल्या बॅचच्या डिप्लोमावाल्यांपैकी किती जण कॅम्पसमधून लागले, हे तो हातावर मोजून सांगेल.