श्वासातून इन्सुलिन : सुईला पर्याय, पण कोणासाठी?

दुपारी दीडच्या सुमारास उल्हासनगरच्या गजानंद मार्केटमध्ये किंवा अंबरनाथ स्टेशनाजवळच्या एखाद्या पेढीवर जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी शेठ मागच्या माळ्यावर जातात, सदरा वर करतात आणि पोटावर इन्सुलिनचे पेन टेकवतात. घाऊक गिऱ्हाईक समोर बसलेले असले की हे राहून जाते. संध्याकाळी साखर तपासली की आकडा पाहून घरात बोलणी होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. बैठा व्यवसाय, गोड-तळलेल्याची आवड आणि वेळेला बांधलेली दुकानदारी पाहता व्यापारी कुटुंबांनी हा आकडा परका समजण्याचे कारण नाही.

इन्सुलिनची गोळी का नसते, हा प्रश्न अनेकांना पडतो. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन आहे. वरणातील प्रथिने जठरात व आतड्यात जशी मोडून पचतात, तसेच तेही पचून जाईल. रक्तात पोहोचेल तो केवळ त्याचा चुरा. म्हणून १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले ते सुईनेच, आणि शंभर वर्षे तीच वाट चालू राहिली.

दुसरी वाट मात्र तेव्हापासूनच शोधली जात होती. फुप्फुसातील वायुकोशांची संख्या कोट्यवधी असून ते सगळे पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ एखाद्या ऐसपैस सदनिकेएवढे, सुमारे ७० ते १०० चौरस मीटर भरते. वायुकोशातील हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. अशा दारातून प्रथिन आत जाऊ शकते, हे जर्मनीतील वैद्यांनी १९२४-२५ च्या सुमारासच करून पाहिले होते. अडचण होती ती कणांच्या मापाची. कण पाच मायक्रॉनपेक्षा मोठा असला तर घशातच अडकतो, फारच सूक्ष्म असला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. त्या अरुंद मापात बसणारी, ओलाव्याने गोळा न होणारी पूड बनवण्यात पिढ्या खर्ची पडल्या.

पहिला मोठा प्रयत्न फायझर या अमेरिकी कंपनीचा. ‘एक्झुबेरा’ला जानेवारी २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. २००७ च्या पहिल्या नऊ महिन्यांत विक्री जेमतेम १ कोटी २० लाख डॉलर. हिशेबात सोसावा लागलेला तोटा सुमारे २८० कोटी डॉलर. औषध निरुपयोगी नव्हते. पण ते घेण्याचे यंत्र टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढे होते, आणि मात्रा नेहमीच्या युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये मोजावी लागे. गिऱ्हाइकाच्या सवयीचे माप बदलून माल विकायला निघालेला व्यापारी कोणत्याही बाजारात फसतो. फायझरसारख्या कंपनीला हे आधी सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

अल्फ्रेड मान या उद्योजकाने मात्र स्वतःचा प्रचंड पैसा ओतून हा ध्यास चालू ठेवला. त्यांच्या मानकाइंड कंपनीच्या ‘अफ्रेझा’ला जून २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. यातील इन्सुलिन एका वाहक पदार्थाच्या दोन-अडीच मायक्रॉनच्या कणांवर बसवलेले असते. फुप्फुसात पोहोचताच हे कण विरघळतात आणि इन्सुलिन रक्तात उतरते. परिणाम सुमारे १२ मिनिटांत सुरू होतो, पाऊण तासाच्या आत कळसाला पोहोचतो आणि दीड ते तीन तासांत ओसरतो. यंत्र तळहातात मावेल एवढे. येथेही बाजाराने परीक्षा पाहिलीच; विक्रीची जबाबदारी घेतलेल्या सनोफीने २०१६ च्या आरंभी हात काढून घेतला. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीला डिसेंबर २०२४ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि २०२५ च्या अखेरीस हे औषध येथे दाखल झाले.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जाईल, तो उगमाचा. पूर्वी इन्सुलिन कत्तलखान्यातील डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढत. त्या काळी सुई टोचून घेताना अनेक वृद्ध श्रावकांच्या मनाला होणारी बोच सुईपेक्षा तीव्र असे. १९८२ पासून जनुकीय तंत्राने जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवले जाऊ लागले. अफ्रेझातील इन्सुलिन त्याच पद्धतीचे आहे. उपवास आणि चौविहाराचा प्रश्न वेगळा आहे. हे इन्सुलिन फक्त जेवणाच्या वेळचे. जेवण नाही तर ती मात्रा नाही, हे खरे. पण दिवसभर चालणारे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन सुईनेच घ्यावे लागते, आणि पर्युषणात ते परस्पर बंद करणे धोक्याचे, विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात. तपश्चर्येपूर्वी वैद्याशी बोलणे अपरिहार्य आहे.

आता मुख्य अट. दमा किंवा श्वासनलिकांचा जुनाट विकार असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे. त्यांच्या श्वासनलिका एकाएकी आवळल्या जाऊ शकतात. धूम्रपान करणाऱ्यांनाही ते दिले जात नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी आवश्यक असते. ही अट आपल्या परिसरात कागदी नाही. अंबरनाथ-बदलापूरचे रासायनिक कारखाने, फर्निचर बाजारातील लाकडाचा भुसा, कापडाच्या गोदामातील धूळ यांत तीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाचे फुप्फुस किती शाबूत आहे, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. जिना चढताना लागणारी धाप तो वयाच्या नावावर टाकतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले होते, ही आठवण फार जुनी नाही. इन्सुलिनचा विचार बाजूला ठेवला तरी पन्नाशीनंतर ही चाचणी एकदा करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

खोकला हा नेहमी आढळणारा त्रास. साखर एकदम उतरण्याचा धोका सुईइतकाच. मात्रा ४, ८ आणि १२ युनिटच्या कुप्यांतच मिळते, म्हणून पाच-सहा युनिटांचा बारीक हिशेब येथे जमत नाही.

साठवणही सांभाळावी लागते. कुप्या शीतकपाटात ठेवायच्या. बाहेर काढलेले बंद पाकीट दहा दिवसांत आणि उघडलेली पट्टी तीन दिवसांत संपवायची. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सकाळची लोकल पकडून मशीद बंदरला जाणाऱ्या व्यापाऱ्याने कुपी बॅगेत टाकून दिवसभर पत्र्याखालच्या गाळ्यात ठेवली, तर औषध बिघडण्याची भीती आहे. दिवसापुरत्या कुप्या थंड पिशवीत न्याव्यात आणि उरलेल्या घरी शीतकपाटातच राहू द्याव्यात.