आधी थांबायला शिका

मोटारसायकल शिकताना आधी काय शिकावे? थांबायला! उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला, उजव्या पायाचा मागच्या. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक गाडी लवकर थांबवतो. दोन्ही ब्रेक बरोबरच, पण बेताने दाबावेत. वळणावर वाळू असली की चाक सटकन घसरते. वेग वळणाआधीच कमी करावा.

आपल्या कुर्डुवाडीकडे गाळप हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवाच नसतो! म्हणून रात्री उजेडात दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा.

गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. तोवर आपण मागे बसायचे, तेही हेल्मेट घालून. बाबांचे हेल्मेट मात्र आरशालाच लटकलेले असते!