शीच्या डबीतला शोध

नाक मुरडू नका बरं का! आज आपण चक्क शीबद्दल बोलणार आहोत.

पोट दुखतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. आजी म्हणते, "जंत झालेत वाटतं." पण आतड्यात दडलेला जंत दिसणार कसा? डॉक्टर एक छोटी डबी देतात आणि सांगतात, "उद्या सकाळची शी यात आणा."

वाशीचं महापालिकेचं रुग्णालय असो की नेरूळ-कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालयं, डबी प्रयोगशाळेत पोचली की शोध सुरू! काचपट्टीवर एक थेंब मिठाच्या पाण्याचा, शेजारी एक आयोडीनचा. दोन्हींत काडीच्या टोकावर मावेल एवढीशी शी कालवायची, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. शी ताजी असेल तर पहिल्या थेंबात जिवंत अमीबा, म्हणजे पोट बिघडवणारा एकपेशीय जीव, सरकताना दिसू शकतो. आयोडीनमध्ये त्याच्या कोषातली, म्हणजे कवचात दडलेल्या रूपातली, केंद्रकं उठून दिसतात.

जंत स्वतः क्वचितच सापडतो, सापडतात त्याची अंडी. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते! म्हणून तर एवढ्याशा शीतही ती भेटतात. अंडी इतकी लहान, की एका मिलिमीटरमध्ये पंधरा-सोळा ओळीने मावतील. गोल जंताचं अंडं तपकिरी, खडबडीत कवचाचं. अंकुशकृमीचं पारदर्शक, आत पेशींचा पुंजका. चाबूककृमीचं तर दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखं! अंडं ओळखलं की जंत ओळखला.

अंकुशकृमीची मादी मात्र खूप कमी अंडी घालते. मग ती हुकली तर? इथे येते माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि तिला लागतं साधं मीठ. उरणची मिठागरं पाहिलीत ना? तेच मीठ पाण्यात घालत राहायचं, आणखी विरघळेनासं होईपर्यंत. त्यात शी कालवून नळी काठोकाठ भरायची, वर काचपट्टी टेकवायची आणि वीसेक मिनिटं थांबायचं. हे पाणी अंड्यांपेक्षा जड असतं, त्यामुळे अंडी तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. किती सोपं, आणि किती हुशारीचं!

पिनवर्म नावाच्या जंताची अंडी मात्र शीत सहसा मिळतच नाहीत. त्याची मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून तिथे खाज सुटते. मग सकाळी आंघोळीआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावतात आणि तपासतात.

"पण शाळेत जंताची गोळी मिळते की!" असं म्हणाल. बरोबर. 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, तेव्हा मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी. ती जरूर घ्या. पण अमीबावर ती चालत नाही, त्याचं औषध वेगळं. म्हणून पोट सारखं बिघडत असेल, तर आत कोण आहे हे शोधावंच लागतं.

तेव्हा डॉक्टरांनी डबी दिली तर लाजू नका. शीत लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, झाकण घट्ट लावा आणि डबी लगेच प्रयोगशाळेत पोचवा. अमीबाचे कोष रोज शीतून पडतातच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या दिवशी शी आणायला सांगितली, तर तिन्ही दिवस न चुकता द्या.