धुराड्याचा धनी कोण?

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्याच्या हवाली केली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ ही जागा मगनवाडी झाली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीसाचे आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचे शिक्षण घेऊन आले होते. त्यामुळे इथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांचा विचार नुसत्या भक्तिभावाने होत नव्हता. किती कष्ट, किती माल, किती नासाडी असा हिशेब मांडला जाई. घासलेटाऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप याच हिशेबातून आला. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. १९४७ च्या सुमारास याच परिसरातून मगन चूल पुढे आली. भारतातल्या सुधारित चुलींची कथा सांगताना जगभरचे अभ्यासक अजूनही तिच्यापासून सुरुवात करतात.

मगन चुलीची कल्पना साधी होती. मातीचीच चूल, पण जाळ एका तोंडात कोंडलेला. पहिल्या भांड्याखालून निघालेले गरम वायू आतल्या बोगद्यातून दुसऱ्या-तिसऱ्या वैलाखाली जायचे आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर पडायचा. थोडक्या सरपणात जास्त स्वयंपाक आणि धूर घराबाहेर, अशी दोन वचने एका मातीच्या ढाच्यात बसवली होती. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी असाच धूरमुक्त स्वयंपाकघराचा ध्यास घेतला. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभारले आणि खेड्याच्या गरजांसाठी विज्ञान राबवण्याची मगनवाडीची परंपरा पुढे नेली. म्हणजे धुराचा प्रश्न आणि त्याचे उत्तर दोन्ही या जिल्ह्याला जवळपास ऐंशी वर्षे ठाऊक आहेत. तरीही चुलीपुढे डोळे चोळत बसलेली बाई काही नाहीशी झाली नाही. याचे कारण चुलीच्या आकृतीत शोधून सापडणार नाही. चूल घालणारे पुष्कळ झाले, पण धुराड्याचा धनी कोणी झाला नाही. लाकडाची चूल सुरक्षित ठेवायची तर ती घराच्या बांधकामाचा आणि वर्षभराच्या निगेचा भाग व्हायला हवी. ती एकदा बसवून विसरायची वस्तू मानली, तर उत्तमातली उत्तम चूलही दोन पावसाळ्यांत पुन्हा धुरकट होते.

धूर म्हणजे अर्धवट जळलेले लाकूड. लाकूड तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ज्वाळ होते, न मिळाली तर धूर होतो. उघड्या तीन दगडांच्या चुलीत वारा जाळ इकडेतिकडे पळवतो आणि थंड भांडे ज्वाळेला मध्येच विझवते. लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला मिळते. राहिलेली वाया जाते आणि न जळलेले वायू धूर होऊन श्वासात जातात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळची हवा मोजली, तेव्हा धूलिकणांचे प्रमाण घनमीटरमागे जवळपास ७ मिलिग्रॅम निघाले. प्रदूषण म्हणजे गिरण्या आणि मोटारी, या समजाला त्या मोजमापाने धक्का दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दमा आणि फुप्फुसांचे जुने विकार, हृदयविकार, मोतीबिंदू या साऱ्यांशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे.

हा धूर बाहेर नेणारे धुराडे किती नाजूक ताकदीवर चालते, हे समजले की निगेचा मुद्दा आपोआप पटतो. आतला वायू गरम म्हणून हलका, बाहेरची हवा थंड म्हणून जड. या फरकातून ओढ तयार होते. दहा फूट उंच धुराड्यात वायू १५० अंशांवर असेल आणि बाहेर वर्ध्याची डिसेंबरची १२ अंशांची पहाट असेल, तर गणिताने ही ओढ सुमारे १२ पास्कल येते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तीच ओढ ८ पास्कलवर घसरते. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल असतो, म्हणजे उन्हाळ्यात धुराड्याचे सगळे बळ त्याच्या बारा-हजाराव्या हिश्शाएवढे. हिवाळ्यात चालणारी चूल उन्हाळ्यात घरात धूर का सोडते, याचे एक कारण हे. दुसरे कारण काजळी. तीन इंची नळीत चहूबाजूंनी अर्ध्या इंचाचा थर चढला की वाट दोन इंचांची उरते आणि धुराच्या वाटेचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होते. नळीला एखादे वळण अधिक दिले, छपरावर आढ्यापेक्षा खाली तोंड ठेवले, तर आधीच दुबळी असलेली ओढ संपते आणि धूर आल्या वाटेने परततो.

म्हणून चूल बसवण्याची सुरुवात चुलीपासून न करता छपरापासून करावी. धुराडे शक्य तितके सरळ चढले पाहिजे आणि त्याचे तोंड आढ्याच्या किमान दोन फूट वर गेले पाहिजे. नाहीतर छपरावरून घसरणारा वारा धूर खाली दाबतो. वर पावसाची टोपी हवी, पण ती तोंडाला टेकलेली नको. पत्रा किंवा कौलांतून नळी काढताना भोवती पत्र्याची गळपट्टी लागते. गवताच्या किंवा लाकडी वाशांच्या छपरात नुसते भोक पाडून नळी नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. रोज तापून वासा कोरडा होत जातो आणि बऱ्याच काळाने एखाद्या दिवशी पेट घेतो. अशा घरात नळी भिंतीतून बाहेर काढून छपरापासून अंतर राखत वर नेणे बरे. जुनी सिमेंट-ॲस्बेस्टॉसची नळी कापू, घासू किंवा फोडू नये, तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. चुलीसमोर खाली हवा यायला वाट आणि वर खिडकी हवी, कारण धुराड्याने हवा बाहेर ओढायची तर ती आत यायलाही हवी. भांडे वैलावर घट्ट बसले पाहिजे. दुसरा वैल रिकामा असेल तर त्यावर झाकण ठेवावे, नाहीतर धुराडे जाळाऐवजी त्या भोकातली थंड हवाच ओढत बसते. चूल जमिनीऐवजी ओट्यावर असली की रांगते मूल जाळापासून दूर राहते आणि पदराला आग लागण्याची भीतीही कमी होते.

सरपणाचाही हिशेब मांडायला हवा. वर्धा कापूस, तूर आणि सोयाबीनचा जिल्हा. त्यामुळे इथल्या चुलीत बाभळीच्या ढलप्यांइतक्याच पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या जळतात. ही काटक्यांची जात भडकन पेटते, लवकर संपते आणि सतत पुढे सारावी लागते. बाईला चुलीपुढून हलता येत नाही, म्हणजे ती धुरातच बसते. ओल्या लाकडाचे दुखणे वेगळे. एक किलो सरपणात ३० टक्के ओल असेल तर ३०० ग्रॅम पाणी आधी उकळून उडवावे लागते. तोवर जाळ थंड राहतो, धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो. हाच थर पुढे नळीतल्या नळीत पेटू शकतो. तेव्हा पावसाळ्याआधी सरपण आडोशाला, जमिनीपासून उंच रचणे हे धुराड्याच्या सफाईइतकेच महत्त्वाचे. चुलीवरच्या माळ्यावर वाळत घालणे मात्र धोक्याचे. पऱ्हाट्यांच्या गंजीत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून कापूस संपल्यावर त्या शेतात किंवा बांधावर साठवू नयेत असे कृषी विद्यापीठे सांगतात. म्हणजे चुलीचे सरपण कुठे ठेवायचे हा प्रश्न थेट पुढच्या हंगामातल्या कपाशीपर्यंत पोचतो. पेटवण्यासाठी घासलेट ओतणे किंवा प्लास्टिक जाळणे या सवयींना मात्र कोणताच बचाव नाही.

या सगळ्या कामांना धनी लागतो आणि नेमके तिथेच सरकारी प्रयत्न फसले. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. नव्वदीच्या दशकात केलेल्या पाहणीत त्यांपैकी साधारण ६० टक्केच वापरात आढळल्या. अनुदान चूल बसवण्यापुरते होते. फुटलेली नळी, बुजलेला बोगदा, ढासळलेले तोंड यांसाठी फारशी तरतूद नव्हती. अहवालात उद्दिष्ट पूर्ण व्हायचे आणि घरात धूर तसाच राहायचा. ओडिशात अर्थतज्ज्ञ रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या चुलींचा माग काही वर्षे काढला. पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा विरून गेला, कारण चुलींची निगा आणि वापर दोन्ही घसरत गेले. याउलट चीनने १९८० च्या दशकात सुरू केलेल्या मोहिमेत नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत जवळपास १३ कोटी चुली बसल्या. तिथे खर्चाचा मोठा वाटा घरानेच उचलला होता आणि स्थानिक कार्यालये व कारागीर पाठीशी होते. पैसे घातलेल्या घराला आपल्या चुलीची काळजी असते, आणि जवळ कारागीर असला की ती काळजी कामी येते.

आता पहिला आक्षेप असा की गॅस आल्यावर ही चर्चा कशाला? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर कोट्यवधी घरांत सिलिंडर पोचले, आणि जिथे परवडतो तिथे स्वयंपाक गॅसवरच व्हावा. धुराड्याची चूल कितीही चांगली असली तरी गॅसइतकी स्वच्छ नाही. पण सिलिंडर घरात असणे आणि सगळे अन्न त्यावर शिजणे यांत अंतर आहे. चहा गॅसवर आणि भाकरी, डाळ, गुरांची आंबोण, अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी खेड्यात सर्रास दिसते. सरपणाला रोख पैसे मोजावे लागत नाहीत आणि भरलेला सिलिंडर मजुरीचे काही दिवस खाऊन टाकतो, तोवर ही वाटणी राहणार. चूल जाणारच आहे असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर ती जाईपर्यंतचा सगळा धूर घरातल्या बाईच्या वाट्याला येतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. धुराडे धूर नाहीसा करत नाही, फक्त गल्लीत सोडते, आणि मोठ्या चाचण्यांचे निकालही निराशाजनक आहेत. हे खोटे नाही. ग्वाटेमालातल्या चाचणीत धुराड्याच्या चुलीने धुराचा संपर्क निम्म्यावर आला, तरी मुलांच्या एकूण न्यूमोनियात ठामपणे म्हणता येईल अशी घट दिसली नाही. मलावीत वाटलेल्या पंख्याच्या चुलींचाही तसाच निष्कर्ष निघाला. पण चीनच्या श्वानवेई भागातला अनुभव याच्या शेजारी ठेवला पाहिजे. तिथे घरात कोळसा जाळणाऱ्या बिनधुराड्याच्या शेगडीऐवजी धुराड्याची चूल आली आणि दीर्घकाळच्या पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. इंधन तेच, माणसे तीच. धूर बाहेर जाण्याची कायमची वाट तेवढी नवी. या निकालांवरून एवढे म्हणता येते की अर्धामुर्धा आणि थोड्या काळाचा बदल शरीराला फारसा जाणवत नाही, वर्षानुवर्षे टिकलेला बदल जाणवतो. म्हणजे हा आक्षेपही निगेच्याच बाजूने साक्ष देतो. गल्लीतल्या धुराचे उत्तर सुक्या सरपणात आणि नेमक्या जाळात आहे, धुराडे काढून टाकण्यात नाही.

तिसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो. धुराने डास पळतात, वाशांना कीड लागत नाही, मग धूर हवाच. वाशांना धूर हवा असेल तर तो माणसांविना, अधूनमधून मुद्दाम करता येतो. त्यासाठी रोज तीन वेळा बाळंतिणीला आणि तान्ह्याला त्यात बसवण्याचे कारण नाही. शिवाय दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा धोका मोठा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री दारे लावून शेगडी उशाशी ठेवणे किंवा बंद न्हाणीत बंब पेटवणे यामुळे झोपेतच जीव जाऊ शकतो. बंबाच्या मधोमध नळी असते, म्हणजे धुराड्याचे तत्त्व आपल्या घरांना नवीन नाही. पण ती नळी न्हाणीतच संपते. तिला पत्र्याची जोड देऊन बाहेर काढले की तोच बंब पुष्कळ सुरक्षित होतो.

मग धनी कोण व्हावे? चुलीला रोज पोतेरे देणारी बाई तिची निगा आधीपासूनच राखते. पण छपरावर चढून नळी झाडणे, गळपट्टी बसवणे, फुटकी नळी आणणे ही पैशाची आणि चढउताराची कामे आहेत, आणि घरातला खर्चाचा निर्णय बहुधा तिच्या हातात नसतो. धूर जिला लागतो तिला निर्णय नाही आणि निर्णय ज्याचा आहे त्याला धूर लागत नाही, या फटीत आजवरच्या सगळ्या चुली अडकल्या. ती फट बुजवायला फार मोठे संशोधन लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर क्षेत्र आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी जागा असावी, हे नियमातच आहे. त्या जागेच्या आराखड्यात ओटा, समोरासमोर खिडक्या आणि छपरातून निघणारी धुराड्याची वाट आखली, तर नंतर वासे फोडण्याची वेळ येणार नाही. ग्रामपंचायतीने गावातल्या एखाद्या गवंड्याला किंवा बचतगटाच्या दोन बायकांना शिकवून पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत धुराडी झाडण्याचे काम मजुरी देऊन सोपवले, तर मगनवाडीच्या हिशेबात कायम गहाळ राहिलेली नोंद भरून निघेल. कुमारप्पांच्या रीतीने हिशेब मांडायचा तर यशाची मोजणी बसवलेल्या चुलींवरून थांबवावी आणि तीन वर्षांनी किती धुराडी ओढ धरून आहेत, ते मोजावे. त्या आकड्यावरच पुढचे अनुदान ठरले, तर धुराड्याला धनी आपोआप मिळेल.