'फक्त नाइंटी' म्हणजे नेमकी किती?

"दारू घेता का?" या प्रश्नाला जुन्नर-आंबेगावच्या दवाखान्यांत सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक, "नाही हो, माळ आहे गळ्यात." दुसरे, "रोज नाही. कधीतरी, फक्त नाइंटी." पहिल्या उत्तरावर पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही. दुसऱ्यातल्या 'फक्त' या शब्दाशी मात्र थांबायला हवे, कारण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला सगळा गैरसमज त्या एका शब्दात साठलेला असतो.

नाइंटी म्हणजे ९० मिलिलिटर. देशी संत्रा असो की विदेशी व्हिस्की, बाटलीवर सहसा ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. हिशेब केला तर ९० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक 'ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम धरतात. म्हणजे 'फक्त नाइंटी' घेणाऱ्याने तीन ड्रिंक घेतलेली असतात. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटरची चपटी, संपवणाऱ्याची सहा होतात. आणि "मी दारू नाही घेत, बिअर घेतो" असे सांगणाऱ्या तरुणाच्या ६५० मिलिलिटरच्या, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार ड्रिंक. नाइंटीपेक्षा ती बाटली जडच आहे.

हा हिशेब आधी मांडायचे कारण असे, की कमी धोक्याच्या पिण्याबद्दल जगभर जो सल्ला दिला जातो तो ड्रिंकच्या किंवा युनिटच्या भाषेत असतो, आणि आपल्याकडे माणूस पितो तो बाटलीच्या भाषेत. इंग्लंडमध्ये २०१६ पासून स्त्री आणि पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली जाते. तिथले युनिट आठ ग्रॅमचे, म्हणजे एकूण ११२ ग्रॅम, तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आठवड्याला १०० ग्रॅम आणि कुठल्याही एका दिवशी ४० ग्रॅम ही वरची मर्यादा सांगितली. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये आणखी खाली येऊन आठवड्याला दोन ड्रिंकपर्यंतच धोका कमी राहतो, असे म्हटले. तिथली दोन ड्रिंक म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याला पूर्ण निर्धोक असे मद्याचे कुठलेही प्रमाण नाही, हे स्पष्ट केले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, श्रीमंत देशांतल्या सुमारे सहा लाख मद्यपींच्या अभ्यासात आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे मृत्यूचे प्रमाण वाढताना दिसले होते.

आता हे आकडे नारायणगावच्या किंवा मंचरच्या टेबलावर ठेवून पाहा. इंग्लंडची आठवड्याची मर्यादा दोन क्वार्टरांतच ओलांडली जाते. ऑस्ट्रेलियाची एका दिवसाची मर्यादा एका क्वार्टरने दीडपट होते. आणि कॅनडाच्या हिशेबात आठवड्यात एक नाइंटीसुद्धा बसत नाही.

आपल्याकडे 'आठवड्याला इतकी चालेल' असे सांगणारा सरकारी आकडा नाही. घटनेचे कलम ४७ दारूबंदीकडे बोट दाखवते, राज्यातला कायदा परवान्यावर उभा आहे आणि महसूल बाटलीवर. त्यामुळे सल्ला पाळला जातो का, हा प्रश्न इथे वेगळ्या रूपात विचारावा लागतो. इंग्लंडमध्ये बहुतेक प्रौढ थोडीफार घेतात आणि त्यांतले काही मर्यादा ओलांडतात. २०२१ च्या तिथल्या आरोग्य पाहणीत पुरुषांपैकी २८ टक्के आणि स्त्रियांपैकी १५ टक्के या रेषेच्या वर होते. त्यांत खात्यापित्या घरांचे प्रमाण जास्त. महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी साधारण १४ टक्के दारू घेतात आणि स्त्रियांपैकी अर्धा टक्कासुद्धा नाही. घरी येऊन विचारणाऱ्याला सगळेच खरे सांगत नाहीत हे गृहीत धरले, तरी मोठ्या संख्येने माणसे अजिबात पीत नाहीत हे खरेच आहे. जगातला सर्वांत कडक सल्ला ती न ऐकताच पाळतात.

या न पिण्यामागे डॉक्टर नाहीत. ओतूरला चैतन्य महाराजांची समाधी आहे, गावोगाव सप्ताह बसतात, आणि गळ्यात माळ घालणे म्हणजे मांस आणि दारू सोडणे हा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आरोग्य शिक्षणाच्या कुठल्याही फलकाने साधले नसते ते माळेने साधले आहे. पण याच व्यवस्थेला एक दुसरी बाजू आहे. गावात दोनच खाने उरतात, पिणारा आणि न पिणारा. 'थोडी घेणारा' हा खाना जवळपास नाहीच. घरात बाटली आणता येत नाही, जेवणासोबत हळूहळू घेण्याची पद्धत नाही. बाहेर, घाईत, उपाशीपोटी, चकण्याच्या शेंगदाण्यांवर ती संपवायची आणि मग घरी जायचे. उघडलेली क्वार्टर खिशात घालून नेणार कुठे? ती संपवलीच जाते. बाटलीचा आकारच पिण्याचा आकार ठरवतो.

म्हणून पिणाऱ्यांची संख्या कमी असूनही जे पितात ते धोक्याच्या रेषेच्या बरेच पुढे असतात. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात, दारू पिणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचातला एक व्यसनाधीन असल्याचे आढळले. अशा ठिकाणी सरासरीला अर्थ राहत नाही. शंभर पुरुषांची दारू शंभरांत वाटली तर सगळे सुरक्षित दिसतात. प्रत्यक्षात ती चौदा जणांच्या पोटात गेलेली असते.

हे चौदा जणही सारखे नाहीत. पूर्वेकडचा बागायती पट्टा, म्हणजे डिंभ्याच्या पाण्यावरचा ऊस, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, कांदा. इथे हातात एकदम रक्कम येते, आणि पिणे बैठकीचे, पार्टीचे असते. याच पट्ट्यात चाळिशी-पन्नाशीतले मधुमेही वाढत आहेत. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, जेवण टाळून क्वार्टर घेतली तर रात्री साखर धोकादायक खाली उतरू शकते. घाम, बडबड, बेशुद्धी ही लक्षणे पाहून घरचे म्हणतात, "जास्त झालीय, झोपू द्या." सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. मधुमेही माणूस पिऊन असा वागू लागला, तर आधी साखर तपासावी.

पश्चिमेला भीमाशंकरकडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या आहेत. देशभरात अनुसूचित जमातींच्या पुरुषांपैकी सुमारे ३३ टक्के दारू घेतात, असे याच राष्ट्रीय पाहणीत दिसले. मात्र त्या आकड्यात ईशान्येपासून बस्तरपर्यंतच्या, घरी मद्य गाळण्याची परंपरा असलेल्या जमाती आहेत. तो जसाच्या तसा आहुपे किंवा आंबोलीवर चिकटवणे अन्यायाचे ठरेल. इथे वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे वेगळेच आहे. ४५ किलो वजनाच्या मजुरात तीच नाइंटी ७५ किलोच्या बागायतदारापेक्षा दीडपटीहून जास्त चढते. पाश्चात्त्य मर्यादा अशा हडकुळ्या शरीरावर बेतलेल्या नाहीत. त्यात अर्धपोटी राहणे आले, जीवनसत्त्वांची कमतरता आली, आणि क्षयरोग आला. रोज ४० ग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क घेणाऱ्याला क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट असतो, आणि ४० ग्रॅम म्हणजे क्वार्टरसुद्धा नव्हे. सारखीच दारू पिऊनही गरिबाचे नुकसान जास्त होते, हे ब्रिटनमध्येही दिसले आहे. तिथे अतिरेक करणाऱ्यांत श्रीमंत जास्त, पण दारूने मरणाऱ्यांत गरीब जास्त.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी अधिक चढते. गरोदरपणात तर मर्यादा शून्यच. पिणाऱ्या स्त्रिया आकड्यांत जवळपास नाहीत म्हणून त्यांना हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि ज्या मोजक्या जणी घेतात त्या यकृत बिघडल्यावरच दवाखान्यात पोहोचतात. तंबाखूचे गणितही सोबत असतेच. तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

पुणे-नाशिक रस्त्यावर आणखी एक गट आहे, पहाटेच्या चालकांचा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क हा गुन्हा आहे. उपाशीपोटी घेतलेली एक नाइंटी साठ किलोच्या पुरुषात ही मर्यादा सहज दुपटीने ओलांडते. रात्री अकराला क्वार्टर संपवून झोपलेला हाच माणूस पहाटे पाचला दुधाची किंवा टोमॅटोची गाडी बाहेर काढतो, तेव्हा त्याच्या रक्तात अजून पन्नास-साठ मिलिग्रॅम असू शकते, कारण यकृत तासाला साधारण पंधराच उतरवते. तोंड धुतले, चहा घेतला, लिंबू चोखले, तरी या वेगात फरक पडत नाही. "झोप झाली, उतरली" हा समज या रस्त्यावर जीव घेऊ शकतो.

पिण्याला इथे ऋतूही आहेत. आखाडातल्या पार्ट्या, गटारी, मग श्रावण. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा आणि बैलगाडे. श्रावण पाळणारे बरेच असतात, आणि ही फुकटातली तपासणी आहे. महिनाभर सहज थांबता आले तर चांगलेच. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी' ही मोहीम राबवतात. आपल्याकडे ती पंचांगातच आहे. पण श्रावणाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हात थरथरू लागले, घाम फुटला, झोप उडाली, तर तो निश्चय कमी पडल्याचा पुरावा नव्हे. शरीर दारूवर अवलंबून झाल्याची ती खूण आहे. अशा माणसाने घरच्या घरी एकदम सोडणे धोक्याचे असते. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊन माणूस बडबडू लागतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. "देवापुढे शपथ घेतली आहे" म्हणून त्याला खोलीत कोंडून ठेवू नये, रुग्णालयात आणावे. औषधांच्या आधाराने तीच शपथ सुरक्षितपणे पाळता येते.

तिशीवरील प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाबासाठीचा जोखीम तक्ता आशाताई घरोघरी भरतात. त्यात दारूबद्दल एकच प्रश्न आहे: रोज दारू घेता का? बाजारच्या दिवशी दोन क्वार्टर घेणारा याला प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, आणि तक्त्यात त्याला शून्य गुण पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीतला तिसरा प्रश्न जास्त नेमका आहे: एका बैठकीत सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा होतात? सहा ड्रिंक म्हणजे ६० ग्रॅम. जुन्नर-आंबेगावच्या बोलीत हा प्रश्न चार शब्दांचा होतो: "एका बसण्यात क्वार्टर होते?" महिन्यातून एकदा जरी होत असेल, तरी संघटनेच्या व्याख्येत ते अतिरेकी पिणे आहे.

हा प्रश्न विचारून पाच मिनिटे शांतपणे बोलले तर उपयोग होतो. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या आढाव्यात, अशा छोट्या सल्ल्यानंतर वर्षभराने लोक आठवड्याला सरासरी २० ग्रॅम कमी घेताना दिसले. फार नाही, नाइंटीचा दोन-तृतीयांश. मात्र तो सल्ला न रागावता आणि बायको-पोरांसमोर अपमान न करता दिलेला असावा लागतो. व्यसनाधीन झालेल्यांना एवढे पुरत नाही. एम्सच्या सर्वेक्षणात अशा ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे दिसले होते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, आणि शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते, आणि फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही.