खाट मिळाली, उशाशी कोण?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत वस्त्यावस्त्यांतून रात्री-अपरात्री एकच प्रश्न विचारला जात होता, ‘आयसीयूत खाट मिळेल का?’ खाट मिळाली की घरच्यांना वाटे, आता आपला माणूस वाचला. परंतु त्या खाटेच्या उशाशी कोण उभे आहे, हे विचारायचे आपल्याला सुचले नाही.

मी कारकून माणूस. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. आठवड्याचे तास १६८. एकीची ड्युटी ४८ तासांची धरली, तर एका खाटेला साडेतीन परिचारिका लागतात. दहा खाटांना ३५. रजा, आजारपण, बाळंतपण धरले की ४० सुद्धा कमीच. डॉक्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार वेगळेच.

एवढी माणसे कशाला? व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोलू शकत नाही. नळीत कफ अडकला तर तो वेळेवर काढावा लागतो. कूस बदलावी लागते. यंत्राची घंटा वाजली तर धावावे लागते. यंत्र घंटा वाजवते, धावत नाही.

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी एका साथीतून आणि माणसांच्या हातांतून झाला. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासासाठी मदत करणारी यंत्रे होती अवघी सात. सुरुवातीला यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला पाडलेल्या छिद्रातील नळीवाटे, हाताने रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. यंत्रे तेवढीच होती, वाढले ते हात!

आपल्याकडे काय घडले? २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. पण त्याच मे महिन्यात महाराष्ट्राला केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागाव्या लागल्या. ३ मे २०२१ रोजी केंद्राने शिकाऊ डॉक्टरांना कोरोना ड्युटीवर घेण्याची वाट मोकळी केली. यंत्र पैसे मोजले की येते. परिचारिका तशी येत नाही. जीएनएमचा अभ्यासक्रमच तीन वर्षांचा, अतिदक्षतेचा अनुभव त्यापुढचा.

आमच्या वस्तीतील एक मावशी त्या काळात एका रुग्णालयात कंत्राटी आया होत्या. लाट ओसरली आणि त्यांचे काम सुटले. त्या मला म्हणाल्या, “भाऊ, तेव्हा आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. आता गेटवरचा वॉचमनही ओळख देत नाही.” पेशंटची कूस कशी बदलायची, नळीला धक्का कसा लागू द्यायचा नाही, हे त्या बाई वर्षभरात शिकल्या होत्या. त्यांच्याबरोबर ते शिक्षणही गेटाबाहेर गेले. पुढच्या साथीत पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा!

म्हणून बंधू-भगिनींनो, यापुढे आपल्या भागात नव्या अतिदक्षता विभागाची फीत कापली जाईल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. परिचारिकांची पदे मंजूर किती? भरलेली किती? त्यांतील कायम किती? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपल्या मंडळातील कोणीही शिकलेला मुलगा तो लिहून देईल.

आणि बारावी झालेली मुलगी परिचारिका व्हायचे म्हणत असेल, तर “रात्रपाळीचे काम नको” म्हणून तिला अडवू नका. एखाद्या रात्री कुणाच्या तरी उशाशी तीच उभी असेल.