गारुडी गेला, यंत्र राहिलें

भाईंदर स्थानक सोडून विरारची गाडी खाडीच्या पुलावर चढते न चढते, तोंच डब्यांतील फेरीवाला तीन वस्तु विकून मोकळा होतो : लिंबांत खुपसावयाची तोटी, सुईंत दोरा ओंवणारें यंत्र आणि दहा प्रकारें भाजी चिरणारी किसणी. त्याच्या हातीं किसणीखालून गाजराचीं फुलें पडतात. आपल्या घरीं तीच किसणी गाजरापेक्षां बोटावर अधिक प्रेम करते. तथापि या व्यवहाराविषयीं आमची तक्रार नाहीं. पन्नास रुपयांत घटकाभर करमणूक झाली, असें समजून शहाण्यानें गप्प बसावें.

परंतु हाच फेरीवाला पायांत बूट घालून व हातांत रंगीत पत्रक घेऊन शेताच्या बांधावर येतो, तेव्हां किंमतीच्या आंकड्यावर शून्यें चढतात आणि करमणुकीचें रूपांतर कर्जांत होतें. मिरा-भाईंदर येथें १९८५ सालीं नगरपालिका व २००२ सालीं महानगरपालिका झाली. तरी मुर्धें, राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन या अंगास खाडी, मिठागर व समुद्र यांच्या सोबतीनें ज्यांनीं भात व भाजी पिकविली, त्यांचा जुना वैरी एकच : खारें पाणी. शत्रु जितका जुना, तितका त्याच्यावरील ताईत विकणें सोपें.

असा एक ताईत आम्हींही विकत घेतला, हें लाज सोडून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका प्रदर्शनांत चुंबक बसविलेली वीतभर नळी पाहिली. ती पंपाच्या नळास जोडली कीं विहिरीचें खारें पाणी गोडें होतें, असा विक्रेत्याचा दावा होता. त्यानें दोन पेले पुढें केले. पहिला खारट लागला, दुसरा गोड. दुसरा पेला नळींतून भरला कीं मंडपाबाहेरील माठांतून, हें विचारण्याचें भान तेव्हां राहिलें नाहीं. पत्रकावर डोलदार वांग्यांचें चित्र होतें आणि आमच्या वांग्यांचीं पानें कडांनीं करपत होतीं. एवढा युक्तिवाद पुरेसा झाला.

नळी बसवून एक हंगाम गेला. पानें पूर्वींप्रमाणेंच करपलीं. मग नळीपूर्वींचें व नळीनंतरचें पाणी दोन बाटल्यांत भरून तपासणीस दिलें. क्षारांचा आंकडा दोन्ही बाटल्यांत एकच आला! हल्लीं ती नळी गोठ्यांत सांडलेले खिळे वेंचण्याच्या कामीं येते, आणि तें काम ती उत्तम करते.

दोष चुंबकाचा नव्हे. पाण्यांत विरघळलेलें मीठ म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे, कीं चुंबकानें ओढून घ्यावें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे करावयाचे तर पाणी मोठ्या दाबानें सूक्ष्म पडद्यांतून ढकलावें लागतें किंवा त्याची वाफ करावी लागते. दोहोंस शक्ति लागते व खर्च येतो. आमच्या मिठागरांवरील मंडळींस तर हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ऊन, वारा व दिवस खर्चीं पडावे, तेव्हां मीठ हातीं लागतें. तेंच काम वीतभर नळीनें होतें, तर आगरांत उन्हांत कोण उभा राहता?

फसवणुकीचा हा मान एकट्या आपल्या शेतकऱ्याचा आहे, असें मात्र नव्हे. अश्राव्य ध्वनीनें उंदीर व किडे पळवून लावणाऱ्या पेट्यांविषयीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २००१ सालीं साठांहून अधिक उत्पादकांस व विक्रेत्यांस इशाऱ्याचीं पत्रें धाडलीं. ब्रिटनमध्यें जेम्स मॅककॉर्मिक यानें गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यासारखेंच एक उपकरण बाँब शोधण्याचें यंत्र म्हणून इराकास विकलें. २०१३ सालीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारें जेथें फसतात, तेथें वांगीं लावणाऱ्यानें किती लाजावें?

पण म्हणून नव्या यंत्रास पाहतांच दार लावावें काय? मुळींच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति शेतकऱ्यांनीं घेतली होती. भीति खोटी ठरली, नांगर खरा ठरला. मग खरा नांगर आणि खोटी नळी ओळखावी कशी? नांगराची परीक्षा एका सकाळीं होते. तास किती खोल गेला हें डोळ्यांस दिसतें. नळीचा विक्रेता मात्र “हंगामभर थांबा” म्हणतो, आणि हंगाम संपल्यावर दोष पावसाचा, बियाण्याचा किंवा आपल्या नशिबाचा निघतो.

याकरितां आमची सूचना एवढीच. अर्ध्या वाफ्यावर नवें साधन वापरावें व अर्धा तसाच ठेवावा. मोजमाप विक्रेत्याच्या पेल्यानें न करितां प्रयोगशाळेंत करावें. दाव्याचा प्रत्येक शब्द पावतीवर लिहून मागावा. पुष्कळ विक्रेते येथेंच पाणी पिण्यास जातात व परत येत नाहींत. आणि फसगत झालीच तर गप्प बसूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. राष्ट्रीय ग्राहक साह्यवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

खाऱ्या पाण्यावर जे उपाय आहेत, ते जाहिरातीविनाच पडून आहेत. बांध पक्का राखावा, उघाडी वेळीं मिटवावी व वेळीं सोडावी, पावसाच्या पाण्यानें जमिनींतील खार धुवून काढावा, आणि भातासाठीं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें दिलेल्या पनवेल-१, २, ३ अशा खार सोसणाऱ्या जाती लावाव्या. यांत चमत्कार नाहीं, कष्ट आहेत. आणि कष्टाचें रंगीत पत्रक कोणी छापीत नाहीं.

गारुडी खेळ संपवून पुढच्या गांवीं जातो. मागें यंत्र राहतें, आणि त्याचा हप्ताही. कोणा बंधूस गोठ्यांतील खिळे वेंचावयाचे असल्यास आमची नळी न्यावी. किंमत मागणार नाहीं.